दारोदार जाऊन श्रद्धा सांगण्याचे कष्ट : आपले अनुभव लिहावेत

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या २०१९ या सेवावर्षाच्या जागतिक अहवालानुसार त्यांच्या प्रचारकांनी वर्षभरात २०८ कोटींहून अधिक तास प्रचारकार्याला दिले आणि ३,०३,८६६ जणांनी बाप्तिस्मा घेतला. भागाकार केला तर एका बाप्तिस्म्यामागे सुमारे ६,८७० तास येतात. रोज आठ तास धरले तरी साडेआठशेहून अधिक दिवस. या तासांत पुनर्भेटी आणि बायबल अभ्यासही आहेत, हे मान्य. तरीही इतके कष्ट नेमके कुठे खर्ची पडतात, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. कोणाचा धर्म खरा, हा वाद येथे नको. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, किंवा ज्यांच्या दारात असे कोणी आले आहे, त्यांनी तपशिलाने लिहावे, ही विनंती.

पुणे, पूर्वीच्या प्रचारक

मी नऊ वर्षे प्रचारक होते आणि त्यांपैकी तीन वर्षे नियमित पायनियर, म्हणजे दरमहा ठरावीक तास प्रचाराला देणारी. त्या वेळी पायनियरने महिन्याला ७० तास देणे अपेक्षित असे. २०२३ पासून ते ५० वर आले. बाहेरच्यांना वाटते की कष्ट चालण्याचे असतील, पण चालणे हाच त्यातला सर्वांत सोपा भाग होता. सकाळी ज्या घरांना कुलूप दिसे त्यांचे क्रमांक टिपून संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे लागे, त्यामुळे एक गल्ली पूर्ण व्हायला कधी कधी तीन आठवडे लागत. दार उघडले तरी आपण काही विकायला आलेलो नाही आणि कोणत्या पक्षाकडूनही नाही, हे पटवण्यातच पहिली काही मिनिटे जात. ‘टेहळणी बुरूज’ या आमच्या मासिकाच्या तीन-चार भाषांतल्या प्रती पिशवीत बाळगाव्या लागत, कारण एकाच मजल्यावर मराठी, तमिळ आणि सिंधी कुटुंबे राहत.

रागावून दार लावणारे फार थोडे भेटले. बहुतेक घरांतल्या आजी ‘सगळे देव एकच, बाळ, पाणी घेतेस का?’ असे मायेने विचारत, आणि त्यानंतर बोलायला काहीच उरत नसे, कारण जिथे विरोधच नाही तिथे चर्चा सुरू कुठून करायची? काही ठिकाणी मात्र धर्मांतराचा संशय थेट बोलून दाखवला जाई. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. उंबरठ्यावर उभे राहून बोलताना त्या फरकाचे भान प्रत्येक वाक्याला ठेवावे लागते.

एका ताईंकडे मी दर गुरुवारी दीड वर्ष अभ्यासाला गेले. त्यांना वाचलेले पटत होते. अडत होते ते गौरी-गणपतीपाशी, दिवाळीपाशी आणि नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसापाशी, कारण साक्षीदार यांपैकी काहीच साजरे करत नाहीत. त्यांच्या होकारात सगळे गोत दुरावण्याची भीती होती, आणि माझ्याकडे त्यांना देण्यासाठी आठवड्यातला एक तास होता. त्या हे कधी बोलल्या नाहीत. मला फार उशिरा उमगले.

रायगड जिल्हा, स्वाध्यायी

आमच्या स्वाध्याय परिवाराची भक्तिफेरी, म्हणजे गावोगाव घरोघरी जाऊन देवाविषयी बोलणे, धर्मांतरासाठी नसते, तरीही अनोळखी दारात उभे राहण्याचा अनुभव सारखाच असल्यामुळे लिहिते. एकादशीचा दिवस देवाच्या कामासाठी, असे पांडुरंगशास्त्री आठवले, म्हणजे आमचे दादा, यांनी शिकवले. आम्ही चौघी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत जात असू. शिदोरी स्वतःची, वर्गणी नाही, आणि ज्या घरी जायचे तिथला चहाही घ्यायचा नाही. हा नियम निरपेक्षतेसाठी आहे हे आम्हांला ठाऊक होते, पण कोकणात पुढे केलेला कप नाकारणे म्हणजे त्या घराला कमी लेखणे, आणि ते लागू नये अशा शब्दांत सांगायला मला दोन वर्षे लागली. दिवसा पुरुष समुद्रावर आणि बायका बाजारात असत. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की माणसे जाळी विणत ओटीवर बसलेली सापडत; चिखल तुडवत जावे लागे, पण खरे बोलणे त्याच दिवसांत झाले. एका वाड्यात सहाव्या खेपेला एक मावशी म्हणाल्या, ‘तुम्ही काही मागत नाही, याचीच भीती वाटत होती.’

ठाणे, गृहसंकुलाचे सचिव

आमच्या फाटकावर सर्वच अनोळखी लोकांना अडवले जाते. चोरीचे दोन प्रकार घडल्यानंतर रहिवाशांनीच तसे ठरवले. धर्माविषयी बोलायला आलेला माणूस आणि वॉटर फिल्टर विकणारा माणूस यांत आमचा सुरक्षारक्षक फरक करू शकत नाही, आणि ती जबाबदारी त्याच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

ह्यूस्टन, अमेरिका

माझ्या दारात जुलैच्या उन्हात सायकलवरून मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या पंथाचे दोन तरुण प्रचारक आले. छातीवरच्या काळ्या पट्टीवर ‘एल्डर’ लिहिलेले, आणि वय एकोणीस. हे मुलगे प्रचाराला दोन वर्षे देतात, मुली दीड वर्ष, आणि खर्च स्वतः किंवा कुटुंबाने उचलायचा असतो. मी त्यांना पाणी दिले, पुढच्या खेपेला पोहे केले, आणि मग ते नियमित येऊ लागले. धर्म बदलण्याचा माझा विचार नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.

पुढे समाजशास्त्राच्या वाचनात रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांचा १९८० मधला अभ्यास आढळला. त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या याच पंथाच्या नोंदी पाहिल्या होत्या: अनोळखी दार ठोठावून हजारात एखाद्याच ठिकाणी यश येई, पण पंथातल्या मित्राच्या घरी पहिली भेट झाली, तर साधारण निम्म्या वेळा. मला हेच या कष्टांचे मुख्य कारण वाटते. मैत्री जे काम वर्षानुवर्षे नकळत करते, ते या मुलांना पायरीवर उभे राहून करायचे असते, आणि वेळ मात्र मोजका असतो, कारण दर सहा आठवड्यांनी कोणाची कुठे बदली होईल ते ठरते.

ऑक्टोबरात ते दोघे निरोप घ्यायला आले. नव्या जोडीच्या नोंदवहीत माझे नाव आणि पत्ता होता. त्यांनी तोच पहिला प्रश्न त्याच नम्रतेने विचारला. मी पाणी दिले, पण पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेणे माझ्याने झाले नाही.