घड्याळावर बाहेरचे तापमान दिसेनासे झाले आहे

प्रश्न:
भिंतीवरच्या डिजिटल घड्याळासोबत आलेला वायरलेस सेन्सर मी गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला टांगलेला आहे. पहाटे गारठा वाढला की घड्याळावरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा नाहीसा होत असे, म्हणून सेन्सरमधले जुने सेल काढून त्यात रिचार्जेबल सेल घातले. तेव्हापासून तर आकड्याच्या जागी केवळ दोन आडव्या रेघा दिसतात. वेळ आणि घरातले तापमान बरोबर आहे, आणि सेन्सरवरचा लाल दिवाही साधारण मिनिटाला एकदा लुकलुकतो. सेन्सर बिघडला असे समजून नवा घ्यावा का?

उत्तर १:
इतक्यात घेऊ नका. दिवा लुकलुकतो आहे याचा अर्थ सेन्सर संदेश पाठवू पाहतो आहे. तो घड्याळ ऐकते की नाही, हे दिव्यावरून कळत नाही. अशा बहुतेक सेन्सरना सेल बदलताच नवा ओळख-क्रमांक मिळतो, आणि घड्याळ मात्र जुन्याच क्रमांकाची वाट पाहत राहते. शिवाय स्वतःचे सेल वाचवण्यासाठी घड्याळाचा रिसीव्हर सतत चालू नसतो. सेन्सरचा संदेश ज्या क्षणी अपेक्षित असेल तेवढ्यापुरताच तो जागा होतो, त्यामुळे एकदा मेळ चुकला की शेजारी ठेवलेला सेन्सरही त्याला सापडत नाही.

दोन्हींचे सेल काढा, सेन्सर घरात आणून घड्याळापासून दोन-तीन मीटरवर ठेवा आणि त्याच्या मागची चॅनलची कळ घड्याळावर निवडलेल्या चॅनलशी जुळते ना, ते पाहा. मग आधी सेन्सरमध्ये आणि नंतर घड्याळात सेल घाला. माहितीपत्रकात उलटा क्रम दिला असेल तर तोच पाळा. त्यानंतर काही मिनिटे एकही बटण दाबू नका, कारण घड्याळ त्या वेळात सेन्सर शोधत असते आणि बटण दाबल्यास हा शोध मध्येच थांबू शकतो.

उत्तर २:
वरील उपाय योग्यच आहे, परंतु पहाटेच्या तक्रारीचे मूळ मला सेलमध्ये दिसते. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे दोन सेलच्या सेन्सरला ३ ऐवजी २.४ व्होल्टच मिळतात. अल्कलाइन सेलही थंडीत मंदावतो, आणि संदेश पाठवण्याच्या क्षणी, जेव्हा सर्वाधिक वीज लागते, नेमका तेव्हाच त्याचा दाब खाली येतो. कडाक्याच्या थंडीत १.५ व्होल्टचे, रिचार्ज न होणारे लिथियम सेल सर्वांत भरवशाचे. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेल मात्र चुकूनही घालू नका. त्याने सेन्सर कायमचा निकामी होऊ शकतो.

सेल काढलेच आहेत तर स्प्रिंगच्या टोकाशी पांढरट पूड जमली आहे का, तेही पाहा. असल्यास कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून ती पुसा आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. स्प्रिंगवर पूड होती. ती साफ करून नवे अल्कलाइन सेल घातले आणि सांगितलेल्या क्रमाने जोडणी केली. घरात ठेवल्यावर आकडा रात्रभर टिकला, पण सेन्सर ग्रिलला टांगून दार लावले की काही वेळाने पुन्हा रेघा येतात. दुपारी उन्हात तर आकडा अवास्तव चढलेला असतो.

उत्तर १:
म्हणजे सेन्सर निर्दोष आहे आणि अडचण जागेची आहे. यातले अनेक सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, ज्याची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. लोखंडाला चिकटून असलेल्या अँटेनाचा मेळ बिघडतो आणि आधीच क्षीण असलेला संदेश आणखी क्षीण होतो. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. सळयांचे काँक्रीट, धातूचे दार किंवा उष्णता अडवणारा धातूचा लेप दिलेली काच मध्ये आली की ते फार कमी होते. सेन्सर ग्रिलपासून हातभर दूर, लाकडी पट्टीवर, उभा आणि सावलीत लावा. त्याच्या चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे, कारण तापलेल्या भिंतीला टेकलेला सेन्सर हवेचे नव्हे तर भिंतीचे तापमान सांगतो.

उत्तर २:
पुढे कधी नवा सेन्सर घ्यावाच लागला, तर केवळ ४३३ हा आकडा पाहून घेऊ नका. वारंवारता एकच असली तरी प्रत्येक उत्पादकाची संदेशाची रचना वेगळी असू शकते, म्हणून घड्याळाच्या माहितीपत्रकात दिलेला सेन्सरचा मॉडेल क्रमांक जुळवूनच तो मागवा.