स्नोबोर्डवर टो-साइडला वळताना एज कॅच होते: बोर्डची धार चुकली आहे की वळण?

दख्खनी_रायडर

जानेवारीअखेर गुलमर्गला जायचं ठरतंय, त्याआधी बोर्डचा निकाल लावायचा आहे. बोर्ड 156 सेंमीचा, कॅम्बर (मध्ये किंचित वर उचललेला), वापरलेला घेतलेला. माझी उंची 172 सेंमी, वजन 70 किलो. बोर्ड पुण्यात असतो. एजवर, म्हणजे बोर्डच्या कडेच्या स्टीलच्या पट्टीवर, गंज होता म्हणून इथल्या एका धार लावणाऱ्या दुकानात ग्राइंडरवर धार करून घेतली. त्यानंतर मार्चमध्ये काँगडोरीच्या (गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, मधला थांबा) पिस्टवर, म्हणजे दाबून सपाट केलेल्या मार्गावर, सकाळच्या घट्ट बर्फात हील-साइडवरून (टाचांकडची एज) टो-साइडला (बोटांकडची एज) जाताना एज अचानक कॅच व्हायची, म्हणजे बर्फात रुतायची, आणि सरळ उताराकडे आपटायला व्हायचं. दुपारी बर्फ मऊ झाला की त्रास निम्म्याने कमी. यंदाच्या पावसाळ्यात एजना पुन्हा तांबूस थर आला आहे.

दोष बोर्डचा की माझ्या वळण्याचा, हे घरबसल्या कसं ओळखायचं? गंज, धार आणि वॅक्स घरी करता येईल का? आणि खेलो इंडियाच्या स्नोबोर्डिंगमध्ये महाराष्ट्राकडून उतरायचं तर तयारी कोणत्या प्रकाराची करावी?

धारवाला

घट्ट बर्फात त्रास आणि मऊ बर्फात आराम, हे लक्षण ऐकून आधी बोर्डकडेच बोट जातं. साध्या ग्राइंडरवर एज 90 अंशांत, तळाला अगदी सपाट घासली जाते. स्नोबोर्डच्या एजला खालच्या बाजूने, म्हणजे बेसच्या बाजूने, साधारण 1 अंश उतार हवा. तोच बेस बेव्हल. त्यामुळे बोर्ड सपाट असताना एज बर्फाला टेकत नाही, थोडा कलला की मग चावते. बेव्हल नसेल तर दोन्ही एज कायम बर्फात, आणि वळणाच्या मधल्या सपाट क्षणी उताराकडची एज रुतते.

तपासणी अशी करा. बाइंडिंग (बूट बोर्डला धरणारे पट्टे) काढा, बोर्ड उलटा दोन खुर्च्यांवर ठेवा, एक चांगली स्टीलची पट्टी बेसवर आडवी, तिच्या कडेवर उभी धरा आणि मागे मोबाइलचा टॉर्च लावा. मध्यभागी केसभर प्रकाश दिसला तर घाबरू नका. एजपासून आत 2-3 सेंमीचा पट्टा मात्र पट्टीला सपाट लागला पाहिजे. तिथे प्रकाश दिसत असेल आणि पट्टी फक्त एजवर टेकत असेल, तर एज बेसपेक्षा उंच आहे. नोज (पुढचं टोक), दोन बाइंडिंगच्या मध्ये आणि टेल (मागचं टोक), अशा तीन ठिकाणी बघा, कारण ग्राइंडरवर हात सगळीकडे सारखा पडत नाही.

बेव्हल आहे का हे बघायला एजची खालची बाजू काळ्या परमनंट मार्करने रंगवा. 1 अंशाच्या बेस गाइडमध्ये (फाइल ठरल्या कोनात धरणारं साधन) बारीक फाइल बसवून अगदी हलका एकच हात फिरवा. शाई सगळीकडून सारखी निघाली तर 1 अंश आहेच, तिथेच थांबा. फक्त बाहेरच्या कडेची निघाली तर बेव्हल कमी आहे. फक्त आतली, बेसला लागून असलेली निघाली तर 1 अंशापेक्षा जास्त आहे, मग फाइल अजिबात लावू नका. बेस बेव्हल एकदा जास्त काढला की परत मिळत नाही. अख्खा बेस मशीनवर स्टोन-ग्राइंड करावा लागतो आणि दर वेळी बेसची जाडी जाते.

फाइलचा हात नोजकडून टेलकडे, एकाच दिशेने, लांब आणि हलका. एजलगतच्या बेसवर मास्किंग टेप लावा. प्रत्येक हातानंतर ब्रशने लोखंडाचा कीस झाडा, नाहीतर तोच बेसमध्ये रुततो. बेस झाल्यावर साइड एज: 89 अंश पुरेसे. मग बर. फाइल केल्यावर एजच्या टोकाला धातूची अतिसूक्ष्म लोंबती कड राहते. बोटाला ती धार वाटते, पण बर्फात ती ओढते. 400 ग्रिटचा डायमंड स्टोन पाण्याने ओला करून दोन्ही बाजूंनी एकेकदा फिरवला की जाते. नख एजवर आडवं ओढून बघा: नखाची पांढरी भुकटी निघाली की धार आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम, डीट्यून, म्हणजे टोकांकडची धार मुद्दाम बोथट करणं. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि नोजखालून एक कागद सरकवा. तो जिथे अडतो तो काँटॅक्ट पॉइंट. तिथून टोकाकडची सगळी एज आणि तिथून आतली 2-3 सेंमी एज गमी स्टोनने (रबरी घासणी) 45 अंशांत तीन-चार हलक्या हातांनी बोथट करा. टेललाही तसंच. नव्याने धार केलेला बोर्ड हे न करता पिस्टवर नेला तर वळणाच्या सुरुवातीलाच नोज पकडतो.

गंजाचं: तांबूस थर नुसत्या गमी स्टोननेही निघतो. खड्डे पडले असतील तर 200 आणि मग 400 ग्रिट. तेल लावू नका, ते बेसवर पसरतं आणि पुढे वॅक्स धरत नाही. हे सगळं फाइलिंगच्या आधी, कारण गंजावर फाइल लगेच बोथट होते.

मेरी_शोल्डर

धारवाला यांचं सगळं बरोबर, पण धार सुधारली तरी वळण्याची पद्धत तीच राहिली तर एज कॅच होतच राहील, फक्त जरा उशिरा.

हील-साइडवरून टो-साइडला जाताना बहुतेकांचं वजन मागच्या पायावर असतं आणि मागचा पाय ढकलून बोर्ड फिरवला जातो. मग बोर्ड उताराला आडवा असतानाच सपाट होतो. उताराला आडवा आणि सपाट बोर्ड म्हणजे खालची एज रुतणारच, तिथे धार कशीही असो. नियम एवढाच: एज बदलायची ती बोर्डचं नाक फॉल लाइनकडे, म्हणजे सरळ खाली जाणाऱ्या उताराच्या दिशेकडे, वळल्यावर.

करायचं असं. हील-साइड ट्रॅव्हर्समध्ये (उतार आडवा कापताना) गुडघे वाकवा आणि वजन पुढच्या पायावर आणा, निम्म्याहून थोडं जास्त. आता फक्त पुढच्या पायाची बोटं दाबा, मागच्या पायाची टाच अजून बर्फात. बोर्ड लांबीत किंचित पिळला जातो, पुढची एज सुटते आणि नाक आपोआप खाली वळतं. या क्षणी वेग वाढतो आणि भीतीने माणूस मागे झुकतो. नेमकं तेव्हाच पुढे राहायचं. नाक खाली गेलं की पुढची नडगी बुटाच्या जिभेवर दाबा, आणि मग मागच्या पायाची बोटं. कंबरेत वाकू नका, नितंब बोर्डच्या टो-एजवर आणा. खांदे बोर्डला समांतर, नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे. पायाकडे बघितलं की वजन बोटांवरून निसटतं.

गुलमर्गमध्ये याचा सराव गोंडोलाच्या पायथ्याच्या ड्रॅग-लिफ्टवाल्या सौम्य उतारांवर करा, थेट काँगडोरीवर नको. आधी गारलँड: हील-साइडवरच राहून नाक खाली सोडायचं, परत वर घ्यायचं, एज न बदलता, उताराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग फक्त टो-साइडचं जे-टर्न: सरळ खाली सुटून टो-एजवर वळून थांबायचं. ही दोन्ही जमली की जोडलेली वळणं एका दुपारची गोष्ट आहे. पायथ्याला उतार जवळपास संपतो तिथेही बोर्ड पूर्ण सपाट सोडू नका, एखादी एज किंचित धरून ठेवा.

बाइंडिंगची मापं टाका. स्टान्स, म्हणजे दोन बाइंडिंगमधलं अंतर, किती रुंद आणि कोन किती?

दख्खनी_रायडर

दोघांचेही आभार. पट्टी लावून बघितली: बाइंडिंगच्या मध्ये ठीक, पण नोज आणि टेलकडे एजलगत प्रकाश दिसतो, म्हणजे एज उंच आहे. मार्करची शाई बाहेरच्या कडेचीच निघाली. डीट्यून केलेला नाही. स्टान्स 58 सेंमी, कोन +15/−15, बूट यूके 9, हाय-बॅकचा (बाइंडिंगची पोटरीमागची पाठ) फॉरवर्ड लीन, म्हणजे पुढचा कल, बराच पुढे आहे.

मेरी_शोल्डर

172 सेंमी उंचीला 58 रुंद आहे. पाय इतके फाकले की गुडघे पुढे जात नाहीत आणि पुढच्या पायावर वजन आणणं जड जातं. 53-54 वर आणा, कोन +15/−6 करा. फॉरवर्ड लीन सध्या जवळपास शून्यावर: जास्त लीन तुम्हाला सतत हील-एजवर बसवून ठेवतो. बूट बाइंडिंगमध्ये असा बसवा की पंजा आणि टाच एजच्या बाहेर सारखीच येतील, प्रत्येकी 1-2 सेंमीपर्यंत. पंजा जास्त बाहेर असेल तर तीव्र वळणात बूटच बर्फाला घासतो आणि एज उचलली जाते. हेही एज कॅचसारखंच भासतं.

बाइंडिंगचे स्क्रू एम-6 असतात, 3 नंबरच्या पोझीड्राइव्ह स्क्रूड्रायव्हरने हाताने घट्ट करा. ड्रिलने नको, इन्सर्ट (बोर्डातली स्क्रूची आट्यांची जागा) वर खेचला जातो आणि बेसवर खळगा पडतो. पहिल्या रननंतर पुन्हा एकदा आवळा, हमखास थोडे सैल होतात.

धारवाला

मग निदान झालं. टोकांकडे एज थोडीच उंच असेल तर 1 अंशाच्या गाइडने फाइल केल्यावर ती खाली येईल. पट्टीखालची फट स्पष्ट जाणवण्याएवढी असेल तर मात्र स्टोन-ग्राइंडच. पुढच्या वेळी धारेच्या दुकानात फक्त सुऱ्या द्या, बोर्ड नको.

वॅक्सचं राहिलं होतं. बाइंडिंग काढलेलीच ठेवा, कारण आवळलेल्या स्क्रूंमुळे बेस त्या जागी किंचित ओढला जातो आणि स्क्रॅपर तिथे वॅक्स सोडतो. पितळी ब्रशने नोजकडून टेलकडे बेस साफ करा. इस्त्री वॅक्सिंगचीच घ्या. घरची वाफेची चालत नाही, तळाच्या भोकांत वॅक्स शिरतं आणि तापमान वर-खाली होतं. साधारण 120-140 अंश सेल्सिअस. नेमका आकडा वॅक्सच्या वेष्टनावर असतो. धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापली. 15-20 ग्रॅम वॅक्स थेंबाथेंबाने टाका, मग इस्त्री न थांबवता पसरवा. मागे ओल्या वॅक्सचा 5-8 सेंमी पट्टा राहील इतका वेग ठेवा. वरच्या बाजूला हात लावला तर बोर्ड कोमट लागावा, गरम नाही. अर्धा तास गार होऊ द्या, प्लॅस्टिक स्क्रॅपरने सगळं काढा, मग नायलॉन ब्रश. वॅक्स बेसमध्ये मुरलेलं हवं, वर राहिलेलं बोर्ड हळू करतं. जानेवारीत थंड बर्फाचं कडक वॅक्स, मार्चला उबदार तापमानाचं मऊ.

पावसाळ्यासाठी हेच वॅक्स जाड, दोन्ही एजवर ओघळेल असं लावा आणि स्क्रॅप करू नका. गंज थांबतो तो याने. बोर्ड बॅगेत कोंडू नका, पुण्याच्या ओल्या हवेत बॅग ओल धरून ठेवते. भिंतीपासून थोडा दूर, जमिनीला न टेकता ठेवा. गच्चीवर उन्हात वाळवू नका, उन्हाने बेस कोरडा पडून पांढुरका होतो. बुटांचे लायनर बाहेर काढून वाळवा, नाहीतर श्रावणात बुरशी ठरलेली.

स्टबी_गेट

खेलो इंडियाबद्दल. 2020 पासून हिवाळी खेळ होतात. आईस स्पोर्ट्स लेहला, बर्फाच्या उतारावरचे खेळ गुलमर्गला. प्रवेश राज्याच्या संघातून, म्हणून राज्य संघटनेच्या निवड चाचणीची घोषणा डिसेंबरपासून बघत राहा. महाराष्ट्राची पदकं मुख्यतः आईस स्केटिंगमधून येतात. स्नोबोर्डमध्ये आपल्याकडच्यांना उतारावर दिवसच कमी मिळतात, आणि समोर सेनादलांचे, जम्मू-काश्मीरचे आणि हिमाचलचे रायडर असतात. म्हणून सुट्टीच्या चार दिवसांत सगळं शिकण्याऐवजी एकाच प्रकारावर दिवस घाला.

तो प्रकार म्हणजे गेटची शर्यत: स्लॅलम आणि जायंट स्लॅलम. उड्या-फिरक्यांचा सराव इथे उपयोगाचा नाही. गेट त्रिकोणी कापडाचा असतो, वळणाच्या आतल्या बाजूला आखूड स्टबी पोल आणि बाहेर उंच पोल. स्टबीला खेटून जायचं, पण वळण गेटपाशी सुरू करायचं नाही. गेटपर्यंत वळण बहुतेक पूर्ण झालेलं असलं पाहिजे. उशिरा सुरू केलेलं वळण प्रत्येक गेटला खाली सरकत जातं आणि पाचव्या-सहाव्या गेटला बाहेर फेकतं. सरावाला दहा बांबूच्या काठ्या किंवा ब्रश-गेट पुरतात, पिस्टवाल्यांना विचारून मोकळ्या कडेला रोवा.

हील-साइडला बोर्ड थरथरत सुटतो हा गेटमधला मुख्य शत्रू. पाय ताठ आणि कंबर वाकलेली असली, आणि सगळा दाब वळणाच्या शेवटी आला की तसं होतं. गुडघ्यात बसा, पायाची बोटं बुटात वर ओढा, दाब फॉल लाइनच्या आधीपासून हळूहळू वाढवा.

शर्यतीला साइड एज 88 अंश करा, बेस 1 वरच. फ्लोरिनयुक्त वॅक्स घेऊ नका, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या मोसमापासून त्यावर बंदी घातली आहे.

तारखांना चिकटून विमानाची तिकिटं काढू नका. 2025 मध्ये गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत होणार होता, बर्फच नव्हता म्हणून 9 ते 12 मार्चला झाला. 2024 चा जानेवारीही जवळजवळ कोरडा गेला होता. बर्फ पातळ असेल तेव्हा दगडाने बेस फाटतो. आतला फायबर दिसेपर्यंत खोल गेला असेल तर दिवसापुरती टेप लावा आणि संध्याकाळी दुरुस्तीला द्या, बोर्डच्या आतलं लाकूड ओलं झालं की फुगतं.

मेरी_शोल्डर

एक जोडतो. वळणं जमली की फेज-टूने, म्हणजे गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने, अफरवट डोंगरावर, जवळपास 3,950 मीटरवर जायचा मोह होतो. वर गेलं की पिस्टच्या दोरीबाहेरचा उतार हिमस्खलनाचा आहे. 2023 आणि 2024 च्या फेब्रुवारीत परदेशी स्कीअर तिथे हिमस्खलनात मृत्युमुखी पडले आहेत. ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अंगावर, ट्रान्सीव्हर सकाळी सोबत्याशी तपासून चालू, सोबत स्थानिक गाइड, आणि गुलमर्ग स्की पेट्रोलचं त्या दिवसाचं बुलेटिन वाचून मगच. गाडल्या गेलेल्या माणसाकडे पहिली 10-15 मिनिटं असतात, तेवढ्यात खाली गावातून कोणी पोचत नाही. ट्रान्सीव्हर शोध-मोडवर टाकून सोबत्याला शोधण्याचा सराव काँगडोरीच्या सपाटीवर दुसरा चालू ट्रान्सीव्हर एका पिशवीत घालून, ती पुरून करता येतो. पहिल्याच दिवशी करा.