मंत्रचळ, ध्यास की दुबाव? ओसीडीतल्या विचाराला काय म्हणायचं

ओसीडी या मानसिक आजारातल्या ऑब्सेशनला, म्हणजे डोक्यातून न जाणाऱ्या नकोशा विचाराला, हल्ली सर्रास 'ध्यास' लिहितात, आणि मला ते अजिबात पटत नाही. ध्यास माणूस आपणहून घेतो, त्यात गोडी असते. ओसीडीतला विचार नको नको म्हणताना येऊन बसतो. 'मंत्रचळ' त्यातल्या त्यात बरा, पण तो म्हटला की हात धुणं, कुलूप परत परत ओढून बघणं एवढंच डोळ्यासमोर येतं, मागची समजूत येत नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

माझी मामी गोव्यातल्या साखळीची. आमच्याकडे फोंड्याला यायला निघाली की बसस्टॉपवरून दोनदा परत जाऊन गॅसचा रेग्युलेटर बघणार, त्यावर बोट ठेवून तोंडाने 'बंद, बंद, बंद' म्हणणार. एकदा मी चिडून म्हटलं, मामी, तुला दिसतंय ना बंद आहे ते? तर म्हणाली, "दिसतं गो, पण पटत नाही. काय झालं तर शेजारची पोरं माझ्यामुळे जाणार."

बघा, 'पटत नाही' म्हणजे शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय चैन नाही, आणि 'माझ्यामुळे' म्हणजे अनर्थ टाळणं फक्त माझ्याच हातात. या जबाबदारीच्या ओझ्यावर मानसशास्त्रज्ञ पॉल सालकोव्हस्किस यांनी १९८५ सालीच बोट ठेवलं होतं. पुढे १९९७ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा सहा समजुती वेगळ्या काढल्या, त्यात या दोन आहेतच, शिवाय धोका फुगवून बघणं आहे, परफेक्शनचा हट्ट आहे, मनावर पूर्ण ताबा हवाच हे आहे, आणि मनात आलेल्या विचाराला नको तेवढं वजन देणं आहे.

हे शेवटचं तर आपल्या भाषेतच मुरलंय. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे', 'असं बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते', हे ऐकतच आपण वाढलो. आता एखाद्या बाळंतिणीच्या मनात आदोळी, म्हणजे विळी, बघून एकदम येतं, मीच बाळाला काही केलं तर? असले विचार धडधाकट माणसांनाही येतात, हे राखमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवलंय. बहुतेक जणी शी, काय हे, म्हणून पुढे नारळ किसायला लागतात. पण जिला वाटतं की मनात आलं म्हणजे मी तसलीच, किंवा आता ते घडणारच, ती आदोळी माळ्यावर टाकते, बाळाला सासूकडे देते, आणि जितकं टाळते तितका तो विचार घट्ट होतो. याला 'थॉट-ॲक्शन फ्यूजन' म्हणतात, मी त्याला 'मनात आलं म्हणजे झालं' म्हणेन.

प्रतिसाद: मग सोवळं पाळणारी आमची आजी पण मंत्रचळीच काय हो?

नाही हो, तसं म्हणू नका. आजीचं सोवळं संपतं. देवाला दिवा लावला, नैवेद्य दाखवला, झालं, मग ती निवांत पान खाते. मंत्रचळात ते 'झालं' येतच नाही, दहाव्यांदा धुतलं तरी.

प्रतिसाद: आमच्या पेडण्याकडे म्हातारी माणसं 'दुबाव', म्हणजे संशय, म्हणतात. 'तिका दुबाव येता'. तो चालेल का?

अहो, हाच तर शब्द! फ्रेंचमध्ये एकोणिसाव्या शतकात या आजाराला 'संशयाचं वेड' अशा अर्थाचंच नाव होतं. उपचारातही दुबाव मिटवत बसत नाहीत, तो तसाच ठेवून, न तपासता बसमध्ये चढायला शिकवतात. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशी पद्धत मांडली, आता तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे. मामीला आम्ही खूप उशिरा नेलं, त्याचं वाईट वाटतं, कारण घरात सगळे तिला 'हट्टी' म्हणायचे आणि तोच शब्द आम्ही बारा वर्षं धरून बसलो. परवा ती एकदाच बघून निघाली, बसमध्ये माझा हात गच्च धरून बसली होती, म्हणाली दुबाव आहे अजून, असू दे.