अनुभव धागा: खोटं आपल्या बाजूचं असतं तेव्हा

जय ख्रिस्त, मंडळी.

आपल्याविरुद्धचं खोटं ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तांदळाच्या पोत्यावर धर्म विकला, परदेशातून पैसे येतात, अमुक गाव बाटवलं, हे ऐकतच आपण मोठे झालो. मला विचारायचंय ते वेगळं. जे खोटं आपल्या देवाची, आपल्या चर्चची बाजू घेऊन मोबाईलवर येतं, त्याचं तुम्ही काय करता? खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा कॅथलिक आठवी म्हणून पाठ करतात, बहुतेक प्रोटेस्टंट नववी म्हणून. नंबरावरून भांडू नका, घडलेलं लिहा. माणसांची, मंडळ्यांची, दवाखान्यांची नावं नकोत.

शब्बाथशाळेची बाई, नगर

आमच्याकडे, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, तो नासाचा मेसेज दर वर्षी नव्याने जन्माला येतो. शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर ग्रहांच्या जागा मागे मागे मोजत गेले, हिशेबात एक दिवस कमी पडला, मग कुणीतरी बायबल उघडलं. यहोशवाच्या वेळी गिबोनावर सूर्य थांबला त्याचे 23 तास 20 मिनिटं, हिज्कीयाच्या वेळी सावली दहा अंश मागे गेली ती 40 मिनिटं. झाला दिवस पुरा!

नववीतल्या एका मुलाने हे चार्टपेपरवर रंगवून आणलं, रॉकेटसकट. वार्षिक कार्यक्रमात लावायचं होतं. मी त्याला घेऊन बसले. नासा स्थापन झाली 1958 साली. आणि हाच हिशेब हॅरी रिमर नावाच्या अमेरिकन प्रचारकाच्या 1936 च्या पुस्तकात आहे. त्याने तो टॉटेन नावाच्या गृहस्थाकडून घेतला, त्याचं लिखाण 1890 चं. म्हणजे नासाच्या जन्माआधीच नासाचा शोध! पोरगा खो खो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण बाई, मग सूर्य थांबला नाही का?" म्हटलं, ते यहोशवाच्या दहाव्या अध्यायात आहे. तो विश्वासाने वाच, नाहीतर प्रश्न विचारत वाच. त्याला नासाची पावती कशाला हवी?

चार्ट लावला नाही. कमिटीतल्या एकांनी मला बाजूला घेतलं, "काय बिघडलं असतं? मुलांचा विश्वास वाढला असता." ह्या वाक्याने माझं डोकं फिरतं. हाच मुलगा उद्या इंजिनिअरिंगला जाणार. होस्टेलवर कुणीतरी दोन मिनिटांत हे उघडं पाडणार, आणि त्याबरोबर येशूचं डोंगरावरचं प्रवचनही कचऱ्यात जाणार.

दुबईकर

आमच्या मराठी प्रार्थना-ग्रुपवर तो अफगाणिस्तानचा मेसेज ठरलेला. 'उद्या दुपारी बावीस मिशनऱ्यांना मारणार आहेत, वीस जणांना पाठवा.' ह्या मेसेजमधली 'उद्या दुपार' कित्येक वर्षं झाली तरी उगवलेली नाही. 2007 मध्ये तालिबानने 23 कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना ओलीस धरलं, दोघांना मारलं, बाकीचे सुटले, ही घटना मात्र खरी. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं आणि म्हटलं, त्या दोघांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करू. एक ताई चिडल्या, "प्रार्थना वाया जाते का कधी?" वाया जात नसेल. पण उपास धरून, रडून ज्याच्यासाठी मागायचं तो माणूस तरी खरा असावा.

सिस्टर, कृष्णाकाठ

दवाखान्याच्या वॉर्डात नर्सची नोकरी, रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गाणं. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.

आमच्या मंडळीतल्या एका ताईंना छातीत गाठ लागली. सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला तेव्हा मी शेजारी उभी होते. फायब्रोअडेनोमा, साधी गाठ. काही महिन्यांनी उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या मोठ्या सभेत, त्या साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि मी ऐकतच राहिले. कॅन्सर होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रार्थना झाली, रिपोर्ट नॉर्मल. सगळा मांडव हालेलूया. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "मग मी तरी इन्सुलिन कशाला टोचून घेतेय?"

आता मी काय करायचं होतं? रुग्णाचा रिपोर्ट चारचौघांत बोलणं माझ्या धंद्यात गुन्हाच. काकूंना तिथल्या तिथे सांगितलं की सुई बंद केलीत तर मी घरी येऊन बसेन. आणि आठवड्याने ताईंकडे गेले. त्या चहा ठेवता ठेवता स्वतःच बोलल्या, "मी नुसती गाठ म्हणाले होते गं. सभा घेणाऱ्यांनी माईकवर विचारलं, कॅन्सरची ना? सगळे बघत होते. हो म्हटलं."

मी लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी काढले. येशूने त्यांना थेट घरी पाठवलं नाही, जाऊन याजकांना दाखवा म्हणाला. त्या काळी कातडी तपासून 'शुद्ध' ठरवणारा माणूस तोच. बरं करणाऱ्याला तपासणीची भीती नव्हती.

पुढे महिला मंडळात ताईंनी पुन्हा साक्ष दिली. गाठ साधी निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत रात्री झोप नव्हती, आणि स्तोत्र म्हणता म्हणता एका रात्री लागली. बस. टाळ्या कमी पडल्या. एक तरुण सून मात्र मागाहून मला विचारत आली की तपासणी कुठे होते.

स्पष्टवक्ता

सगळं छान. पण समोरचे वाट्टेल ते लिहिणार आणि आपण तारखा तपासत बसायचं? नेहमी आपणच का सरळ नाकासमोर चालायचं?

वसईची

@स्पष्टवक्ता, तुमचा संताप कळतो. सप्टेंबर 2019 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ठरले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीसाठी इथल्या सगळ्या जातिधर्मांच्या लोकांना एकत्र आणलं, बायबल आजच्या मराठीत आणलं, तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका संध्याकाळीत 'धर्मांतरवाला फादर' झाला. ज्यांच्या घरी मी गणपतीला जाते त्यांनीच ते पुढे ढकललं होतं.

त्याच दिवसांत आमच्या बाजूनेही एक फोटो फिरायला लागला. रक्ताळलेला झगा, भोवती काठ्या घेतलेली माणसं, खाली 'विरोधकांनी फादरला मारलं'. माझा भाऊ तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला निघाला होता. मी फोटो मोठा करून बघितला. मागे किराणा दुकान, पाटीवर गोल गोल अक्षरं. तेलुगू. ह्याला काय उत्तर आहे? भाऊ म्हणाला, "पण मारलं तर असेलच ना कुणाला तरी." असेल. मग त्याच्या गावाचं नाव शोध, ते लिही. आमच्या अंगणातलं म्हणून कशाला खपवतोस?

शेजाऱ्यांना मी फक्त हरित वसईची जुनी कात्रणं दाखवली. त्यांनी पोस्ट काढली नाही. गणपतीला मात्र बोलावतात, मी जाते. ह्यातून काय निष्पन्न झालं म्हणाल तर मला सांगता येणार नाही.

साक्री तालुका

मी जरा उलटं लिहितो, चालवून घ्या.

1 जुलै 2018, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले. सोलापूरकडून पोटासाठी आलेली माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्याआधी कितीतरी दिवस आमच्याकडच्या एकूण एक मोबाईलवर पोरं पळवण्याचे व्हिडिओ होते, चर्चच्या ग्रुपवरसुद्धा, 'प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो' असं वर लिहून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

त्या दिवसांतच आमच्या गावात सुया-मणी विकणारी एक बाई आली. चार पोरं मागे लागली, मग बाप्ये जमले. आधार कार्ड दाखव, गाव सांग. बाईची बोलतीच बंद. माझी आई ओट्यावर भाजी निवडत होती. उठली, बाईच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि म्हणाली, "ही माझी ओळखीची आहे. दर वर्षी येते." बाईला आत बसवलं, भाकर दिली, आणि संध्याकाळी माझ्या मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायला लावली.

आईने तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. आता हा धागा खऱ्याचा आहे, तर सांगा, हे कुठे बसवता? आईला मी छेडलं तेव्हा ती म्हणाली, "राहाबने हेरांना छपरावर लपवलं आणि राजाच्या माणसांना ते गेले म्हणून सांगितलं, तिला काय शिक्षा झाली का?" आई सही करण्यापुरतीच शिकली आहे, पण बायबलातलं यहोशवाचं पुस्तक तिला ऐकून ऐकून पाठ.

शब्बाथशाळेची बाई, नगर

@साक्री तालुका, आईंना माझा सलाम सांगा. कुठेच बसवू नका, राहू द्या तसंच.

जालन्याकडचा

बाकीचे मोबाईलवरचं लिहितायत, माझं कागदावरचं आहे. चालत असेल तर ठेवा.

आमच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव आहे, नाताळला तारा लागतो. माझ्या दाखल्यावर मात्र 'हिंदू' आणि पुढे जात. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आम्ही बाहेरच. आमच्या आळीला विहिरीवर पाणी भरू देताना कुणी बाप्तिस्म्याची वही बघितली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

मुलीच्या वेळेला मी दाखल्यावर 'ख्रिश्चन' लावलं. ती ओबीसीतून अर्ज भरते, कारण महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना तिथे जागा आहे. भावाने पोराला एससीत ठेवलं. दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, एकाच पुस्तकातून गातात. पोरीने मला विचारलंय, "बाबा, तुमच्या खरेपणाचे मार्क माझ्या मेरिटमधून का कापले?"

स्पष्टवक्ता

वाईट वाटलं वाचून. पण भाऊ करतात त्याला लबाडीच म्हणतात, दादा.

जालन्याकडचा

म्हणा की. आमच्या पाळकसाहेबांनीही व्यासपीठावरून 'कागदी हिंदू' असा टोमणा मारला होता, भाऊ समोर बसलेला असताना. उपासना सुटल्यावर मी दारातच विचारलं: साहेब, आपल्या शाळेत कारकुनाची जागा निघाली तेव्हा उमेदवार कोणत्या आळीतला आहे हे कमिटीने बघितलं की नाही? बघितलं होतं. कुणाला घेतलं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग जात गेली असं जगाला सांगतो ती साक्ष कोणत्या खात्यात टाकायची? ते म्हणाले, पुढच्या कमिटीत विषय घेऊ. अजून घेतलेला नाही. मी दर मीटिंगला लेखी देतो आणि पोच घेतो.