नकार देणारे कमी, अर्धवट कागदवाले जास्त

वर एकांनी लिहिलंय की शाळेने सरळ 'लस नाही तर प्रवेश नाही' म्हणावं, विषय संपला. इतकं सोपं नसतं हो. मी शाळेच्या ऑफिसात मुलांच्या लसींचं रेकॉर्ड सांभाळलंय. ठाम नकार देणारे पालक मोजकेच, बाकी सगळी अर्धवट कागदांची मंडळी. कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि नेमका तारखेवर अंगठा! कुणाचा गोवरचा दुसरा डोसच दिसत नाही, कुणाचा पहिला वर्ष पूर्ण व्हायच्या आधीचा, जो बऱ्याच ठिकाणी धरतच नाहीत, मग पुन्हा फोन, पुन्हा 'उद्या पाठवते मॅडम'.

खरी गळती होते ती 'राहिलेले डोस नंतर पूर्ण करा' अशी मुदत देऊन केलेल्या प्रवेशांत. मुदत देतात, वहीत लिहितात आणि नंतर ती वही कोणी उघडतच नाही. नुसता कायदा कडक करूनही भागत नाही, कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये वैयक्तिक श्रद्धेच्या नावाखालची सूट काढली तर डॉक्टरी सूट मागणारे वाढले, शेवटी 2019 मध्ये त्यावरही तपासणी आणावी लागली.

आणि शाळेची सरासरी बघून खूश होऊ नका. गोवर पसरू नये म्हणून साधारण 95 टक्के मुलांना लस मिळालेली लागते, पण राहिलेली मुलं एकाच वर्गात असली तर? केस निघाली की लस न घेतलेल्यांना 21 दिवसांपर्यंत घरी बसवावं लागतं, तेव्हा वर्गवार यादी आधीच तयार हवी, त्या दिवशी कपाट उघडून शोधत बसायला वेळ नसतो.