शब्दचर्चा: फॉर्ममधल्या ‘फील्ड’ला क्षेत्र म्हणायचं का रकाना?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, शब्द अडलाय. इथं सांगलीत डिप्लोमाच्या पोरांना जावास्क्रिप्ट (वेबपानं चालवायची कोडची भाषा) मराठीतनं शिकवतोय, सध्या फॉर्मचा भाग चाललाय, म्हणजे समोरच्या माणसानं पानावर जे भरलं ते कोडमध्ये कसं घ्यायचं. सरावाला हळद उत्पादकांची नोंदणी घेतलीय, नाव, गट नंबर, लागणीचं क्षेत्र आणि अंदाजे किती क्विंटल निघंल एवढंच. पोरांनी इनपुटला आदान, फील्डला (माहिती भरायच्या चौकटीला) क्षेत्र, व्हॅल्यूला मूल्य केलंय आणि काही चुकलं की स्क्रीनवर येतं ‘अवैध क्षेत्र’. मला हे लईच खटकतंय. तुम्ही काय वापरता?

तासगावचा:
रकाना. सरळ रकाना.

कृष्णाकाठ:
रकानाच सर, आणि कारण सांगतो. आपल्याकडं क्षेत्र म्हटलं की सातबाऱ्यावरचं क्षेत्र, हेक्टर आर मधलं. ज्याच्यासाठी फॉर्म आहे तो माणूस ‘अवैध क्षेत्र’ वाचल्यावर आपली जमीनच कशात तरी अडकली असं समजणार. अवैध हा शब्द गावात ऐकू येतो तो वाळू उपशाला नाहीतर दारूला. नुसता आकडा चुकलाय तर ‘आकडा नीट भरा’ म्हणा की. पोलीस पाटलाची भाषा कशाला.

मिरज जंक्शन:
आदानचं पण तेच. आदान-प्रदान असं जोडीनंच येतं ते, एकटं कुणी बोलत नाही. काही लोक इनपुटला निविष्टा करतात पण आपल्या भागात निविष्टा म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधं, कृषी सेवा केंद्रात मिळतात ती. हळदीच्या फॉर्मवर ‘निविष्टा भरा’ लिहिलं तर माणूस खताची पोती लिहील आणि त्याचं काहीच चुकलेलं नसंल. ‘भरलेली माहिती’ म्हणा, संपलं.

विश्रामबागकर:
हे पटलं. व्हॅल्यूचं काय? चौकटीत भरलेलं उचलायला कोडमध्ये डॉट व्हॅल्यू लिहायचंच आहे, ते बदलत नाही, पण समजावताना मूल्य का किंमत?

मिरज जंक्शन:
वर्गात किंमत बरोबर आहे सर. शाळेत सगळ्यांनी ‘क्ष ची किंमत काढा’ केलेलं असतं त्यामुळं पोरांना ते लगेच लागतं. फक्त ते स्क्रीनवर येऊ द्यायचं नाही, बाजार समितीत किंमत म्हणजे दर.

कऱ्हाडची ताई:
मला किंमत पण पूर्ण पटत नाही. किंमत म्हटलं की पोरं आकडाच धरून बसतात आणि डॉट व्हॅल्यूनं हातात येतो तो कायम मजकूर असतो, रकान्यात आकडा दिसला तरी. एका रकान्यात १२ आणि दुसऱ्यात ८ क्विंटल भरलं आणि अधिक केलं तर २० येत नाहीत, १२८ येतात, कारण दोन मजकूर एकमेकाला चिकटले. म्हणून मी ‘रकान्यातला मजकूर उचलायचा आणि मग त्याचा आकडा करायचा’ असं दोन वाक्यात सांगते. उचलणे आणि आकडा करणे ही दोन वेगळी कामं आहेत हे क्रियापदातनंच कळतं.
अजून एक, ‘रिकामा’ आणि ‘शून्य’ हे दोन शब्द अजिबात एकमेकांच्या जागी वापरू नका. रिकाम्या मजकुरावर नंबर फंक्शन, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं, चालवलं तर शून्यच मिळतं, नुसत्या स्पेस असल्या तरी शून्यच. म्हणजे ज्यानं काही भरलंच नाही त्याची नोंद शून्य क्विंटल म्हणून पडली. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं केवढा फरक आहे तो. आधी ट्रिम करून (मागच्या-पुढच्या स्पेस काढून) रिकामं आहे का बघायचं, मगच आकडा करायचा.

कृष्णाकाठ:
ताई एक नंबर. ह्याला जोडून सातबाऱ्याचं बघा. लोक उताऱ्यावर जसं छापलंय तसंच टाकतात, ०.४०.५०, म्हणजे ४० आर आणि वर ५० चौरस मीटर. हे आधी देवनागरीत टाईप झालं तर नंबर फंक्शन नॅन (नॉट अ नंबर) देतं, कारण जावास्क्रिप्ट इंग्रजी आकडेच आकडे मानतं. बरं इंग्रजीत टाकलं तरी दोन टिंबांमुळं नॅनच. मग कुणीतरी पार्सफ्लोट हे आकडा काढायचं दुसरं फंक्शन वापरतं, ते दुसऱ्या टिंबाशी थांबतं आणि गुपचूप ०.४० देतं, वरचे ५० चौरस मीटर गेले आणि एरर पण नाही. त्यामुळं एका रकान्यात घेऊच नका, हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन रकाने करा. आणि देवनागरी आकडे चालवायचे तर प्रत्येक आकड्याच्या युनिकोड नंबरातनं (कॉम्प्युटरमध्ये त्या अक्षराला ठरलेला नंबर) २४०६ वजा करायचे, ० चा नंबर २४०६ आणि ९ चा २४१५, बरोबर किंमत मिळते. मराठी फॉर्म काढायचा आणि मराठी आकडे नाकारायचे हे मला बघवत नाही.

तासगावचा:
नॅनला काय म्हणायचं मग?

कऱ्हाडची ताई:
वर्गात ‘आकडा नव्हे’. स्क्रीनवर ते कधीच दिसू द्यायचं नाही.

मिरज जंक्शन:
चेंज इव्हेंटचं, म्हणजे रकान्यात बदल झाल्याचा जो इशारा कोडला मिळतो त्याचं पण ठरवा. ‘बदल’ म्हटलं की पोरांना वाटतं एकेक अक्षर टाईप झालं की चालणार, तसं होत नाही, मजकुराच्या रकान्यात चेंज हा रकाना सोडून बाहेर गेल्यावर येतो. प्रत्येक अक्षराला येतो तो इनपुट इव्हेंट. मी ‘लिहिताना’ आणि ‘लिहून झाल्यावर’ असं सांगतो.

विश्रामबागकर:
हे उद्याच वर्गात वापरतो. शेवटचं, सबमिट बटणावर ‘सादर करा’ आहे सध्या.

कृष्णाकाठ:
सादर करा सरकारी वाटतं पण कळतं तरी. तुमच्या सरावाच्या फॉर्मला ‘पाठवा’ नको, कारण तुम्ही प्रिव्हेंट डिफॉल्ट लावून पान रिलोड होणं थांबवणार आणि तिथंच हिशेब दाखवणार, कुठं काही जातच नाही. माणसाला वाटंल नोंदणी झाली. ‘बेरीज बघा’ लिहा. खरोखर कुठं साठवायला लागाल तेव्हा ‘नोंद करा’.

तासगावचा:
नोंद करा चांगलंय. आमच्याकडं बेदाण्याच्या सौद्यात पण नोंदच म्हणतात.