नवे धक्के आधी, लोहमार्ग आधी की शुष्क बंदर? विकसनशील देशातील बंदर आणि मालवाहतुकीच्या नियोजनाचा क्रम

आराखडेकार (प्रश्न)

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका काल्पनिक विकसनशील देशाचा मालवाहतूक आराखडा तयार करीत आहे. देशाला एकच जुने बंदर आहे. त्यात जहाज लावण्याचे चार धक्के आहेत, भोवती शहर दाटले आहे आणि मुख्य औद्योगिक पट्टा सुमारे ६०० किलोमीटर आत आहे. त्याच्या पलीकडे समुद्रकिनारा नसलेला एक शेजारी देश असून त्याची आयातही याच बंदरातून व्हावी, अशी अपेक्षा आहे. बंदर खात्याला पाचवा धक्का आणि पुढे खोल पाण्याचे नवे बंदर हवे आहे, रेल्वे खात्याला नवा लोहमार्ग हवा आहे आणि उद्योग खाते औद्योगिक पट्ट्यात शुष्क बंदर (समुद्रापासून दूर, कंटेनर उतरवण्याचा आणि सीमाशुल्काच्या कामांचा तळ) मागत आहे. प्रत्येक खात्याचा मालाचा अंदाज वेगळा आहे आणि निधी मात्र यांपैकी जेमतेम एका कामापुरता आहे. वाचनात 'एकात्मिक नियोजन' हा शब्द सर्वत्र भेटतो, पण कामांचा क्रम कोणत्या निकषावर लावायचा, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. माझ्या गृहीतकानुसार धक्के ८० टक्के वेळ व्यापलेले असतात आणि जहाज धक्क्याला सरासरी ४८ तास असते. पाचव्या धक्क्यासाठी एवढे कारण पुरेसे नाही का?

यार्डनियोजक

पुरेसे नाही, आणि असे का, ते आपल्याच आकड्यांवरून दाखवता येते.

जहाजे अनियमितपणे येतात आणि त्यांचा धक्क्यावरचा मुक्कामही कमी-जास्त होतो, असे धरून रांगेचे साधे गणित मांडले, तर चार धक्के ६० टक्के व्यापलेले असताना जहाजाला धक्क्यावरील वेळेच्या सुमारे १८ टक्के वेळ बाहेर नांगर टाकून थांबावे लागते. व्याप्ती ८० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण सुमारे ७५ टक्के होते आणि ९० टक्क्यांवर जवळजवळ दुप्पट मुक्कामाइतके होते. म्हणजे आपल्या बंदरात आज सरासरी प्रतीक्षा ३६ तासांची आहे. पाचवा धक्का बांधल्यास व्याप्ती ६४ टक्क्यांवर येईल आणि प्रतीक्षा ८ तासांच्या आत जाईल. बंदर खाते एवढेच दाखवते आणि त्यात चुकीचे काही नाही.

आता दुसरा हिशेब पाहा. धक्का न बांधता जहाजाचा मुक्काम ४८ तासांवरून ३६ तासांवर आणला, तर त्याच चार धक्क्यांची व्याप्ती ६० टक्के होते, प्रतीक्षा साधारण साडेसहा तासांवर येते आणि शिवाय प्रत्येक जहाजाचे धक्क्यावरील १२ तास वाचतात ते वेगळेच. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की त्या ४८ तासांत जहाज नेमके काय करीत असते? धक्का व्यापलेला असणे आणि धक्क्यावर काम चालू असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्रेन उभी आहे, कारण खाली ट्रेलर नाही. ट्रेलर नाही, कारण तो यार्डात, म्हणजे कंटेनर रचून ठेवण्याच्या आवारात, अडकला आहे. तो यार्डात अडकला आहे, कारण कंटेनर उतरवायला जागा नाही. ही साखळी ज्याने एकदा पाहिली आहे, तो धक्क्याच्या व्याप्तीचा आकडा कधीही एकटा वाचत नाही.

मी काम केलेल्या एका बंदरात एका पावसाळ्यात यार्डातील थर पाचावर गेले होते. सर्वांत खालचा कंटेनर सुटला की त्याच्यावरचे चार उचलून बाजूला ठेवायचे, तो काढायचा आणि ते चार पुन्हा लावायचे. म्हणजे एका कंटेनरसाठी नऊ उचली. बाहेर ट्रकची रांग होती, आत यंत्रे अखंड चालू होती आणि महिन्याच्या अहवालात यंत्रांचा वापर उत्तम असल्याची नोंद झाली होती.

यार्डाची क्षमता काढणे अवघड नाही. समजा जमिनीवर वीस फुटी कंटेनरच्या २,००० जागा आहेत आणि सरासरी तीन थर सुखाने लावता येतात, म्हणजे एका वेळी ६,००० टीईयू (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर) मावतात. कंटेनर सरासरी १० दिवस पडून राहत असेल, तर वर्षाला २,१९,००० टीईयू हाताळता येतात. ५ दिवसांत उचलला जात असेल, तर ४,३८,०००. एक वीट न रचता क्षमता दुप्पट झाली. जागतिक बँकेने आफ्रिकेतील सहा देशांच्या बंदरांचा अभ्यास करून २०१२ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार डर्बनसारखे अपवाद सोडले तर माल तेथे जवळपास २० दिवस पडून राहत होता. मोठ्या आंतरराष्ट्रीय बंदरांत हाच काळ तीन-चार दिवसांचा असतो. आफ्रिकेतील या विलंबाचे एक कारण मला फार बोलके वाटते. बाहेरच्या गोदामापेक्षा बंदराचे आवार स्वस्त पडत असल्याने अनेक आयातदारांना माल तेथेच ठेवणे सोयीचे होते. अशा ठिकाणी आपण आवार वाढवले, तर आपण केवळ स्वस्त गोदाम वाढवतो.

खोलपाणी

वरील गणित मला मान्य आहे, परंतु त्यातून 'बांधकाम नकोच' असा निष्कर्ष काढला जाईल, अशी भीती वाटते. कार्यक्षमता कितीही वाढवली, तरी पाण्याची खोली वाढत नाही. मोठे जहाज आत येऊ शकत नसेल, तर देशाचा सगळा माल आधी दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरतो, तेथून लहान फीडर जहाजाने येतो आणि त्या दुहेरी हाताळणीचा भुर्दंड प्रत्येक आयातदार व निर्यातदार वर्षानुवर्षे भरत राहतो. हा खर्च बंदराच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. नियोजकाने तो राष्ट्रीय हिशेबात धरलाच पाहिजे.

जागेची निवड करताना मात्र सुरुवातीच्या खोदकामापेक्षा दरवर्षी उपसाव्या लागणाऱ्या गाळाकडे अधिक बारकाईने पाहावे. हुगळीच्या काठचे कोलकाता बंदर हे याचे ठळक उदाहरण आहे. नदीतील गाळ वाहून जावा या हेतूने १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाला, जहाजांसाठी खाली हल्दियाला गोदी उभारली गेली, तरीही ड्रेजिंगचा, म्हणजे गाळ उपसण्याचा, खर्च सुटलेला नाही.

दुसरा इशारा ट्रान्सशिपमेंटच्या अंदाजांबद्दल. 'आमचा किनारा मुख्य सागरी मार्गालगत आहे, तेव्हा इतर देशांचा मालही येथेच बदलला जाईल,' हे वाक्य प्रत्येक प्रकल्प अहवालात असते. हा माल देशाचा नसतो, जहाज कंपनीचा असतो, आणि कंपनी तो एका करारानिशी हलवू शकते. सिंगापूरसारख्या बंदरातून मर्स्क या जहाज कंपनीने २००० मध्ये आपले काम शेजारच्या मलेशियातील तांजुंग पेलेपास येथे नेले, मग नवख्या बंदराची काय कथा? श्रीलंकेतील हंबनटोटा तर मुख्य मार्गापासून अगदी जवळ आहे. ते २०१० मध्ये सुरू झाले, परंतु त्याच्या पाठीशी स्वतःचा औद्योगिक पृष्ठप्रदेश (बंदराला माल पुरवणारा आतला भाग) नव्हता आणि कोलंबो आधीच समर्थ होते. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. म्हणून माझा आग्रह असा की नव्या बंदराचा आर्थिक हिशेब देशाच्या स्वतःच्या आयात-निर्यातीवर उभा राहिला पाहिजे. ट्रान्सशिपमेंटचा माल आला तर तो वरकड समजावा.

वाघीण

लोहमार्गाबद्दल लिहितो, कारण या चर्चेत तो 'बांधला की माल येईल' असा गृहीत धरला जात आहे.

४५ वाघिणींची एक मालगाडी प्रत्येक वाघिणीवर दोन याप्रमाणे ९० टीईयू नेते. एका जहाजातून आतल्या पट्ट्यासाठी ९०० टीईयू उतरले आणि त्यातील निम्मे रेल्वेने न्यायचे ठरवले, तर एका जहाजामागे पाच गाड्या लागतात. प्रश्न ६०० किलोमीटरच्या मार्गाचा नसतोच. तो बंदराच्या आतल्या शेवटच्या ७०० मीटरचा असतो. पूर्ण गाडी एकसंध उभी राहील एवढी लांब सायडिंग (गाडी बाजूला उभी करण्याचा रूळ) नसली, तर गाडीचे दोन तुकडे करावे लागतात, शंटिंगला, म्हणजे ते तुकडे हलवायला, इंजिन लागते, ते इंजिन मोकळे असेलच असे नाही, आणि चार तासांत भरणारी गाडी दिवसभर अडून राहते. शहर दाटलेल्या बंदरात एवढी सरळ जागा मिळेल का, हे आपल्या आराखड्यात आधी तपासा. नायजेरियातील लेक्की हे खोल पाण्याचे बंदर २०२३ मध्ये रेल्वेची जोड नसतानाच सुरू झाले, याची आठवण ठेवावी.

केनियाचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. मोंबासा ते नैरोबी हा सुमारे ४८० किलोमीटरचा नवा प्रमाणमापी (स्टँडर्ड गेज) लोहमार्ग प्रामुख्याने चिनी कर्जातून उभारला गेला आणि २०१८ च्या जानेवारीत त्यावर मालगाड्या सुरू झाल्या. गाडी वेगाने नैरोबीच्या कंटेनर डेपोत पोहोचते, यात शंका नाही. परंतु तेथून कारखान्यापर्यंत पुन्हा ट्रक करावा लागतो, आणि हा शेवटचा टप्पा धरल्यावर अनेकांना थेट ट्रकच परवडत होता. कर्ज फेडायचे तर गाड्या भरल्या पाहिजेत, म्हणून आयात माल रेल्वेनेच न्यावा, असा सरकारी आदेश निघाला. ट्रकमालक आणि मोंबासातील व्यावसायिक रस्त्यावर उतरले आणि २०२० मध्ये मोंबासाच्या उच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला. मालाला मार्ग निवडू द्यायचा की मार्गाला माल मिळवून द्यायचा, हा प्रश्न तेथे कर्ज घेतल्यानंतर विचारला गेला.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतील सिशेन ते सल्दान्हा हा ८६१ किलोमीटरचा मार्ग पाहा. खाण, लोहमार्ग आणि बंदर ही तिन्ही एकाच मालासाठी, लोहखनिजासाठी, एकत्र आखली गेली आणि १९७६ पासून तेथे प्रचंड लांबीच्या गाड्या धावत आहेत. एकच माल, एकच दिशा आणि ठरलेले प्रमाण असेल, तर एकात्मता साधणे सोपे असते. कंटेनरचे तसे नाही. आयात जास्त आणि निर्यात कमी असलेल्या देशात भरलेली गाडी आत जाते आणि रिकामे डबे घेऊन परतते, त्यामुळे एका फेरीचे भाडे दोन फेऱ्यांचा खर्च पेलते. परतीचा माल कोणता, याचे उत्तर नसेल तर लोहमार्गाचा अहवाल अपुरा समजावा.

आराखडेकार

उत्तरांबद्दल आभारी आहे. दोन शंका राहतात. शेजारी देशाचा माल माझ्या अंदाजात सुमारे एक चतुर्थांश आहे. तो कोणत्या आधारावर धरायचा? आणि तीन खात्यांचे तीन अंदाज एकत्र कसे आणायचे? भारतात २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या गतिशक्ती योजनेत १६ मंत्रालयांची कामे एकाच नकाशावर आणली गेली, तसे करणे पुरेसे होईल का?

सीमापार

पहिल्या शंकेपुरते लिहितो. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला किनारा नाही आणि त्याचा ९० टक्क्यांहून अधिक व्यापार जिबूतीमार्गे होतो. जिबूतीहून अदिस अबाबाकडे जाणारा सुमारे ७५० किलोमीटरचा विद्युत लोहमार्ग आता आहे आणि मोजो येथे शुष्क बंदरही आहे. परंतु तेथील व्यवस्थेचा खरा कणा थेट वहनपत्र (अंतिम ठिकाणापर्यंतच्या पूर्ण प्रवासाचे एकच कागदपत्र) हा आहे. माल जिबूतीत उतरला, तरी सीमाशुल्काची तपासणी इथिओपियाच्या हद्दीत मोजोला होते. आपल्या देशात अशी सोय नसेल आणि शेजाऱ्याचा प्रत्येक कंटेनर बंदरात उघडून, पुन्हा सीमेवर उघडून, हमीची रक्कम भरून न्यावा लागत असेल, तर शुष्क बंदर हे केवळ कुंपण घातलेले मैदान ठरेल. म्हणून संक्रमण करार (शेजाऱ्याचा माल आपल्या हद्दीतून नेण्याचा करार), मोहोरबंद वाहतूक आणि तपासणीचे ठिकाण या तीन बाबी ठरेपर्यंत त्या एक चतुर्थांश मालाच्या भरवशावर काहीही बांधू नये. शेजाऱ्याला दुसरे बंदर उपलब्ध आहे का, हेही पाहावे. असेल तर आपला दर त्याच्याशी तुलना करूनच टिकणार आहे.

यार्डनियोजक

दुसऱ्या शंकेबद्दल: एक नकाशा आवश्यक आहे, पण नकाशावर रेषा जुळतात, वेळा जुळत नाहीत. त्यापेक्षा तिन्ही खात्यांना एकाच कंटेनरचा प्रवास लिहून काढायला सांगा. जहाज नांगर टाकते त्या क्षणापासून कारखान्याच्या दारात सील तुटेपर्यंत प्रत्येक टप्प्याला किती तास लागले, त्यातील किती काम होते आणि किती नुसते थांबणे, आणि त्या थांबण्याचे पैसे कोणी भरले. असे दोनशे-तीनशे कंटेनर मोजले की कोणता अंदाज कुठे फुगवला आहे, ते बहुधा उघडे पडते. सरासरीबरोबर सर्वांत वाईट दहा टक्क्यांचे तासही वेगळे लिहा, कारण कारखानदार साठा ठेवतो तो त्या दहा टक्क्यांच्या भीतीने.

क्रम विचारलात म्हणून माझा अंदाज सांगतो; वर 'खोलपाणी' यांनी मांडलेला मुद्दा धरूनच. खोल पाण्याच्या जागेचे सर्वेक्षण आणि तिच्यामागची जमीन व लोहमार्गाची पट्टी आजच राखून ठेवावी, कारण ती नंतर मिळत नाही आणि आज तिला फारसा निधी लागत नाही. बांधकामाचा पैसा आधी जुन्या बंदराचे फाटक, यार्डाची फेरमांडणी आणि पूर्ण लांबीची सायडिंग यांवर घालावा, आणि विनाशुल्क साठवणुकीच्या सवलतीच्या दिवसांनंतर साठवणुकीचा दर झपाट्याने चढता ठेवावा. पडून राहण्याचा काळ ५ दिवसांवर आल्यानंतरही व्याप्ती पुन्हा ७० टक्क्यांकडे सरकू लागली, तर पाचव्या धक्क्याचा प्रस्ताव मी स्वतः मांडीन. आपल्या गृहीतकात पडून राहण्याचा काळ किती दिवसांचा धरला आहे, तो आकडा प्रश्नात दिसला नाही. तो कळवलात तर यार्डाचे गणित येथेच करून पाहू.

आराखडेकार

तो आकडा मी धरलाच नव्हता. बंदर खात्याच्या नमुना अहवालातही त्यासाठी रकाना नाही, हे आता लक्षात आले. कंटेनरच्या प्रवासाचा तक्ता तयार करून पुढच्या आठवड्यात येथे मांडतो.